रोज हात मिळवणारा

क्रेनचा पट्टा तुटला आणि त्याला लटकलेली पत्र्याची कॉइल आमच्या फ्रान्सच्या कमरेवर आली. मी झाडू टाकून त्याच्यापाशी बसले. त्याने उजवा हात पुढे केला, मिळवायला की धरायला, कळलं नाही. मी धरला. अॅम्ब्युलन्स यायच्या आधीच तो गार पडला.

फ्रान्सहून आलेल्या त्या पोराचं नाव कुणाला घेता येईना, म्हणून सगळे त्याला फ्रान्सच म्हणायचे. तळवड्याच्या कारखान्याच्या शेडमध्ये मी झाडलोट करायचे. तो रोज सकाळी आला की प्रत्येकाशी हात मिळवायचा. त्यांच्याकडे कारखान्यात तशी रीत आहे म्हणे. पहिल्या दिवशी माझ्यापुढेही हात केला. मी म्हटलं, "आरं बाबा, झाडूचा हात हाय." तो तसाच उभा. शेवटी द्यावा लागला.

क्रेन चालवणारा लातूरचा दत्तू त्याच्याशी इंग्रजीत बोलायचा आणि आम्हाला सांगायचा. त्याची शाळा इंजिनिअरांची, फार मोठी. बारावीनंतर दोन वर्षं घासून परीक्षा द्यायची, त्यातले थोडेच आत जातात. बाहेर पडले की थेट साहेब. पण आधी महिनाभर कुठेतरी मजूर म्हणून राबायचं, हा शाळेचा नियम. दत्तू चिडवायचा, "सायेब झाल्यावर ओळख देशील का राव?" तो म्हणायचा, "आज मी मजूर आहे."

त्या दिवशी पट्ट्याचे धागे सुटलेले त्यानेच पाहिले. सुपरवायझरला बोट लावून दाखवले.

"चालतंय रे. काल ह्याच पट्ट्यानं उचलली ना? धर."

दत्तू म्हणाला, "सांग की त्याला. तू शिकलायस."

"शाळेने मला इथे सांगायला नाही, ऐकायला पाठवलंय," फ्रान्स म्हणाला, आणि लटकती कॉइल हाताने सांभाळत चालू लागला. खरा मजूर असता तर मुतायला जातो म्हणून सटकला असता. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

नंतर त्याची आई आली. शेड बघायची म्हणाली. आत आल्यावर एकेकाशी हात मिळवत गेली, सुपरवायझरशीसुद्धा. त्याने हात दिला, मान वर केली नाही. माझ्यापाशी आली तेव्हा दत्तूने तिला सांगितलं, शेवटी ह्याच मावशींनी हात धरला होता. तिने माझा हात उलटा करून तळवा पाहिला.

कॉइलपाशी आम्ही तिघं होतो. धरून तो एकटाच होता; दत्तू आणि मी जगलो.