पत्रिकेवरचं राज्य

माझी थोरली बहीण निपाणीजवळच्या एका गावात दिलेली. गाव मराठी बोलतं, पण राज्य कर्नाटक. दाजी मात्र घरच्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर गावाच्या नावापुढं हट्टानं 'महाराष्ट्र' छापून घ्यायचे.

परवा ते नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन कोल्हापुरात आमच्याकडं आले. शेजारी डोकावले, त्यांना मी सांगितलं, "आमचं पावणं, कर्नाटकातलं."

टीव्हीवर ग्रीनलँडची बातमी चालली होती. मी निवृत्त मास्तर, शिकवायची खाज जात नाही. म्हटलं, "दाजी, ग्रीनलँड डेन्मार्कचं. डेन्मार्क युरोपच्या संघात हाय, पण ग्रीनलँड मतदान घेऊन त्यातनं बाहेर पडलं."

"म्हंजे त्यास्नी इचारलं?"

"व्हय."

"आमास्नी कुणी इचारलं न्हाय," म्हणून दाजी चहा पीत बसले. सीमेचा दावा कोर्टात आहे, निकाल लागेल, हे नेहमीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मलाच त्याचा वीट आलाय. मी पत्रिका उघडली. गावापुढं राज्यच नव्हतं.

"दाजी, महाराष्ट्र छापायचं राहिलं की."

"राहिलं न्हाय, काढलं," ते म्हणाले. "मघाशी शेजाऱ्याला तू तरी काय सांगितलास?"