कुमुदताईंचा उतार

कुमुदताईंची आणि माझी ओळख माझ्या पायावरून झाली. इथे परदेशात, बेडोकमधल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्या भाजीची ट्रॉली ओढत शिरल्या, ट्रॉलीचे चाक माझ्या बुटावरून गेले आणि सवयीने मीच ‘सॉरी’ म्हणालो. त्यांनी माझ्या पिशवीवरचे पुण्यातल्या मिठाईच्या दुकानाचे नाव वाचले, चष्म्यावरून मला न्याहाळले आणि विचारले, “पाय तुमचा, चाक माझं, मग सॉरी तुम्ही कसे?”

त्यावरही मी ‘सॉरी’च म्हणालो.

कुमुदताई मूळच्या सांगलीच्या. हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. पण आवाज अजून बंदरावरचाच होता. शेजारणीला त्या “अगं, यू ईट ऑलरेडी?” असे खुशाल विचारत आणि त्या चिनी बाईला ‘अगं’चा अर्थ बरोबर कळे. मी रॅफल्स प्लेसच्या बँकेत काम करणारा, पन्नाशीतला, हळू बोलणारा मनुष्य. त्यांच्या शेजारी मी स्वतःलाच ऐकू येत नसे.

त्यांच्या यजमानांना सगळे दादा म्हणत. कालव्यापलीकडच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, रोज सकाळी कॉफीचा पेला पुढे ठेवून जुन्या मित्रांशी वाद घालणे, हे दादांचे निवृत्तीनंतरचे सारे वैभव. अर्धांगवायूच्या झटक्याने ते वैभव संपले. उजव्या हाताने चालवता येईल अशी विजेवरची व्हीलचेअर घरात आली. पण कालव्यावरच्या पुलाला दोन्ही टोकांना पायऱ्या होत्या. मोठ्या रस्त्याने वळसा घालून जाण्याचा प्रयत्न त्यांनी एकदाच केला आणि लॉऱ्यांच्या धसक्याने ते अर्ध्या वाटेतून परतले. त्यानंतर ते खिडकीशी बसून राहत. बोलता येत होते, पण बोलत नसत. मेलबर्नची लेक फोनवर नर्सिंग होमचा विषय काढू लागली, तेव्हाही ते काही बोलले नाहीत. कुमुदताई त्या मौनाला घाबरल्या होत्या.

त्याच सुमारास लिफ्टशेजारच्या फलकावर सूचना लागली. पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या सोयीच्या कामांसाठी सरकारी अनुदान मिळणार होते; रहिवाशांनी प्रस्ताव पाठवायचे होते. कुमुदताई तडक माझ्या दारात आल्या.

“तुमचं इंग्रजी बँकेतलं. लिहा. पुलाला दोन्हीकडे उतार हवाय.”

“या वयात एवढा खटाटोप झेपेल का तुम्हाला?”

“अहो, उतारवयात माणूस उतारच मागणार. चढ मागू का?”

मी मसुदा केला. आरंभी अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमा, मध्ये तसदीबद्दल दिलगिरी, शेवटी अतिनम्र विनंती. त्यांनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचला आणि विचारले, “तुम्ही उतार मागताय की माफी?”

त्या प्रश्नाने मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. नम्रता हा माझा गुण आहे, असे मी आजवर समजत आलो होतो. परंतु आधीच क्षमा मागून ठेवली की नकार सोसायला सोपा जातो, आणि मनापासून काही मागण्याचे धैर्य करावेच लागत नाही. माझी नम्रता बहुतांशी या धैर्याची टाळाटाळ होती. दुसऱ्या मसुद्यात मी थेट लिहिले: येथे उतार हवा, कारण येथून सर्वांना जायचे असते.

अधिकारी पाहणीला येणार असे कळले, तेव्हा रहिवासी समितीच्या मिस्टर लिमनी मायेनेच सुचवले, “आंटी, ब्रिंग अंकल डाउन. ऑफिसर सी, शुअर पिटी लाह!”

“नो पिटी!” कुमुदताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “सांगा यांना, माझा नवरा म्हणजे जत्रेतला देखावा नव्हे. दयेनं बांधलेला रस्ता एकट्याचा होतो. मला सगळ्यांचा हवाय. आणि हळू नका बोलू!”

पाहणीच्या सकाळी त्यांनी एकच केले. ओळखीच्या सगळ्यांना नेहमीच्याच वेळी पुलावरून बाजारात जायला सांगितले. आलेली अधिकारी तरुण मुलगी होती. ती प्रश्न विचारायला तोंड उघडते, तोच एक आई बाबागाडी घेऊन पायऱ्यांशी आली. अधिकारी मुलीने पुढची चाके उचलून धरली. मागोमाग एका आजींची ट्रॉली आली. मग खांद्यावर सायकल घेतलेला, जेवणाचे डबे पोहोचवणारा माणूस “एक्स्क्यूज, एक्स्क्यूज!” करत आला. ती वरखाली करत राहिली. अखेर घाम पुसत तिने विचारले, “एव्हरी डे लाइक धिस?”

“टुडे, लेस,” कुमुदताई शांतपणे म्हणाल्या.

मी लिहून आणलेले भाषण खिशातच राहिले. त्याची गरजच पडली नाही.

काही महिन्यांनी मिस्टर लिम “आंटी! अप्रूव्ह्ड लाह!” असे ओरडत आमच्या मजल्यावर आले. कुमुदताईंनी मजल्यावरच्या प्रत्येक घरी शिरा पोहोचवला. दादांना त्यांनी स्वतःच्या हाताने भरवला आणि म्हणाल्या, “आजाराला उतार पडला म्हणतात ना, तो सरकारी खर्चानं पडणार आहे हो!” दादा कितीतरी दिवसांनी हसले.

नर्सिंग होमचा विषय पुन्हा निघाला नाही. दादा शेवटच्या आजारापर्यंत जवळजवळ रोज त्या पुलावरून गेले. त्यांच्यामागे कुमुदताई मेलबर्नला लेकीकडे राहायला गेल्या. अजूनही फोनवर माझ्या तब्येतीआधी त्या विचारतात, “उतारावर शेवाळ नाही ना धरलं?”

मला मात्र आठवते ती उताराची पहिली सकाळ. बाबागाड्या, सायकली आणि ट्रॉल्या यांच्या गर्दीत दादांची खुर्ची उताराशी आली. मी ढकलायला पुढे झालो, तर कुमुदताईंनी माझी बाही धरली. त्या स्वतःही उताराच्या अलीकडेच थांबल्या. दादा एकटेच चढले, पुलाच्या मध्यावर पोहोचले आणि पलीकडे उतरले. हॉकर सेंटरमधून मित्रांनी टेबले बडवून आरोळी ठोकली. तिला उत्तर म्हणून दादांचा आवाज घुमला; ते पोहोचण्याआधीच वादाला लागले होते.

कुमुदताईंनी पदराने डोळे टिपले. विजयी सेनापतीनेही इतक्या अभिमानाने कधी तक्रार केली नसेल.

“बघितलंत? एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही यांनी!”