जायच्या आधीची मिरवणूक

मिरवणूक माणूस जिंकून आल्यावर काढतात. सगळ्या दुनियेत हीच रीत आहे. आमच्या मंगळवार पेठेनं मात्र माझी मिरवणूक मी जायच्या आधीच काढली, आणि त्या मिरवणुकीनंच माझं वाटोळं केलं. इतकी वर्षं झाली, तरी रस्त्यानं हलगी वाजत गेली की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

नव्वदचं दशक संपत आलेलं. उद्यमनगरात माझं छोटं गॅरेज होतं. चिखलातल्या आणि मुरमाड माळावरच्या मोटरसायकलच्या शर्यती मी बऱ्याच मारल्या होत्या. पण कोल्हापुरात गाडीचा नाद नसलेला माणूस शोधावा लागतो, त्यामुळं त्याचं कुणाला काही कौतुक नव्हतं. मला वाळवंटात गाडी घालायची होती. जैसलमेरच्या बाजूला वाळूच्या टेकड्यांतनं चार दिवसांची शर्यत असायची. ती पुरी करायची, नंबर कितवा का येईना, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. कोल्हापुरातनं तिथवर गेलेलं कुणी माझ्या माहितीत तरी नव्हतं.

एका जुन्या टू-स्ट्रोक गाडीवर मी दोन वर्षं घातली. पुढचे शॉकॉप्सर लांब केले, मागचं चेनचं चक्कर मोठं बसवलं, म्हणजे वेग जरा कमी पण ओढ जबरदस्त. सरावाला मुरगूडच्या बाजूला वेदगंगेच्या पात्रात जायचो. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठाची वाळू उघडी पडायची. वाळूत घाबरून गाडी हळू केली की पुढचं चाक रुतलंच म्हणून समजा. वजन मागं टाकायचं, अ‍ॅक्सिलेटर सोडायचा नाही, गाडी मागनं हलत डुलत जाते तशी जाऊ द्यायची. हे कळेपर्यंत मी इतक्या वेळा पडलो की म्हसरं धुवायला आलेला एक म्हातारा म्हणाला, "पावणं, पलीकडं चांगला डांबरी रस्ता हाय की!"

पण वाळवंटात गाडी पडून मरत नाही, धुळीनं मरते. इंजिन हवा ओढतं, हवेबरोबर धूळ आत गेली की खेळ खलास. म्हणून स्पंजचा फिल्टर तेलात भिजवून, पिळून बसवतात. हवा आत जाते, धूळ तेलाला चिकटून बाहेरच राहते. त्या फिल्टरच्या डब्याची फट न् फट मी ग्रीस लावून बंद केली होती. माझा थोरला भाऊ तालमीच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याला समोर बसवून सगळं दाखवलं होतं. म्हटलं, "दादा, गाडीला कुणी हात लावला तर लावू दे, पण ह्या डब्याला नको."

निघायच्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "गाडी तालमीत पूजेला दे." दिली. पूजेला नाही कसं म्हणणार? दुपारी जाऊन बघतो तर हलगी, घुमकं, पोत्यानं गुलाल आणि फेटा बांधलेली निम्मी पेठ! मला उघड्या जीपवर चढवलं, गळ्यात हार घातले, आणि पुढं माझी गाडी घेऊन दादा. गाडीचा आवाज असा फुटत होता की खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. मी जीपवरनं ओरडतोय, "इंजिन बंद करा, गुलाल उडतोय!" पण हलगीपुढं माझं कोण ऐकतंय? खालनं पोरं नाचत होती, "नाद खुळा! नाद खुळा!"

मिरवणूक संपल्यावर मी सगळ्यात आधी तो डबा उघडला. आत फिल्टर स्वच्छ, तेल लावलेला, नीट बसवलेला. दादा म्हणाला, "तू शिकवलंस तसाच धुऊन बसवलाय. आता बिनघोर जा." मला भरून आलं, खरंच सांगतो. गाडी टेम्पोत चढवली आणि आम्ही निघालो.

शर्यतीचे पहिले दोन दिवस गाडी सोन्यासारखी पळाली. तिसऱ्या दिवशी एका उंच टेकडीवर पुरा अ‍ॅक्सिलेटर दिला, आणि अर्ध्यात मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. इंजिन धरलं होतं, आत पिस्टन अडकून बसला होता. तिथंच, भाजणाऱ्या वाळूत बसून मी इंजिनचं हेड उतरवलं, बोअर म्हणजे सिलिंडर वर ओढला. पिस्टन घासून गेलेला, रिंगा खाचेत चिकटलेल्या, आणि त्या खाचांत गुलाबी लगदा. वाळूचा एक कण नाही! गुलाल आणि ऑइलची खळ झाली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिरवणुकीत फिल्टर बसवलेला असता तर गुलाल तिथवर पोचलाच नसता.

परत आल्यावर तो पिस्टन घेऊन मी सरळ दादाच्या दारात गेलो. "मिरवणुकीत फिल्टर कुणी काढलेला?"

"काढलेला की," दादा म्हणाला. "त्याच्याशिवाय आवाज फुटत न्हवता. मग परत धुऊन बसवला न्हवं का?"

"आरं, धुऊन काय उपयोग? दोन तास इंजिननं गुलाल खाल्ला!"

"एवढ्याशा गुलालानं काय हुतंय?"

मी पिस्टन त्याच्या हातात दिला. त्यानं उलटासुलटा करून बघितला, आणि चेहऱ्यावरनं कळलं की त्याला कळलं. पण माझा राग आवरेना. म्हटलं, "आधी मिरवणूक काढायची गरज काय होती? आल्यावर काढली असती की! कुणी आडवलं होतं?"

दादानं पिस्टन खाली ठेवला. मग म्हणाला, "आल्यावर कशी काढणार? तुझ्यानं ते पुरं व्हायचं न्हाय, हे सगळ्या पेठेला ठाऊक हुतं. म्हटलं, एवढा राबलाय, एकदा तरी अंगावर गुलाल पडू दे. म्हणून आधीच काढली."

त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी एवढंच म्हणालो, "गाडी बंद पडली तेव्हा माझ्या पुढं फक्त तिघं होते, दादा."

"व्हय व्हय," तो मायेनं म्हणाला, आणि वहिनीला माझं ताट वाढायला सांगितलं.