सूर्याच्या जागी बसलेलं नाणं

माझ्याकडे रोमन आणि बायझंटाइन नाणी आहेत म्हटलं की लोकांना वाटतं, हिने घरात सोनं पुरून ठेवलंय. प्रत्यक्षात माझी बहुतेक नाणी तांब्या-कांशाची, नखाएवढी, झिजलेली. शर्टाचं तुटलेलं बटण समजून कुणी केरात टाकलं तरी मी त्याला दोष देणार नाही. विमा कार्यालयात नोकरीला होते तेव्हा मुंबईतल्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात त्यातलं पहिलं घेतलं. एका बाजूला कुठलासा रोमन बादशहा, दुसऱ्या बाजूला भाले घेऊन उभे असलेले दोन शिपाई. घरी येऊन भिंगातून बघितलं, तर एका शिपायाचं नाक शाबूत होतं. त्या नाकाने मला जे पकडलं ते आजतागायत सोडलेलं नाही. माझा नवरा या सगळ्या संग्रहाला ‘मयत राजांची चिल्लर’ म्हणतो.

त्याच प्रदर्शनात अंकल भेटले. वसईला परतायची वाट दोघांची एकच निघाली आणि ओळख वाढली. वसईजवळ गिरीजला त्यांची केळीची आणि नारळाची वाडी आहे. तरुणपणी ते जहाजावर फिटर होते, आणि युरोपातल्या एका बंदरात जुन्या नाण्यांच्या दुकानातून त्यांनी एकच एक नाणं रीतसर पावती करून घेतलं होतं. बायझंटाइन, तांब्याचं, हजारेक वर्षांपूर्वीचं, आपल्या दहाच्या नाण्याएवढं पण चांगलं जाड. एका बाजूला येशूचा चेहरा, मागे प्रभावळ, हातात ग्रंथ. दुसऱ्या बाजूला चार ओळींत नुसती अक्षरं: येशू ख्रिस्त, राजांचा राजा. बादशहाने स्वतःचं नावसुद्धा घातलेलं नाही. लग्नानंतर अंकलनी ते बायकोला दिलं आणि तिने ते आयुष्यभर जपमाळेच्या पिशवीत ठेवलं. ती गेल्यापासून ते अंकलच्या घरातल्या अल्तारावर, म्हणजे प्रार्थनेच्या वेदीवर, तिच्या फोटोपुढे असतं.

तीन वर्षांत मी ते त्यांच्या घरी बसून पाच-सहा वेळा बघितलं. घराबाहेर त्यांनी ते कधी जाऊ दिलं नव्हतं. गेल्या श्रावणात मात्र त्यावर फिकट हिरव्या पुडीचे ठिपके दिसायला लागले. धातूत मुरलेला क्षार बाहेर येतो, आणि दुर्लक्ष केलं तर नाण्याचा भुगा होतो. मी त्यांना सांगितलं तर ते घाबरलेच.

“बाय, तू घेऊन जा. तू काय ते कर,” म्हणाले. रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि गेटपर्यंत सोडायला आले. “सांभाळ हां,” असं दोनदा म्हणाले. मी म्हटलं, “अंकल, माझ्या जिवापेक्षा जास्त सांभाळीन.” असली वाक्यं माणसाने बोलू नयेत, पण बोलून गेले.

उपाय तसा सोपा. काचेच्या वाटीत इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्यायचं, नाणं त्यात बुडवून ठेवायचं, रोज पाणी बदलायचं. असं काही आठवडे. प्रश्न वाटी ठेवायची कुठे हा. आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर काही ठेवलं की ते घासलं जातं, टेबलावर ठेवलं की सांडतं. कुणाचा हात लागणार नाही अशी एकच जागा मला सुचली: देवघराची खालची फळी. मी तिथे वाटी ठेवली, वर बशी झाकली, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. घरात कुणाला सांगितलं मात्र नाही. का, ते आता विचारू नका. बहुधा नवऱ्याची टिंगल ऐकायचा कंटाळा आला होता.

चार दिवसांनी, गुरुवारी, आमच्याकडे दरवर्षीचा सत्यनारायण होता. पूजेला आम्ही दोघं बसलो. मांडणी सासूबाईंनी पहाटे उठून करून ठेवली होती. मी कलशाला गंध लावलं, अक्षता वाहिल्या, फूल ठेवलं, हात जोडले. श्रावणात गुरुजींना एका दिवसात पाच-सहा घरं असतात, त्यामुळे त्यांनी दुपारीच उत्तरपूजा करून घेतली. कलश हलवला, नारळ प्रसादाला ठेवला, नाणी, सुपाऱ्या आणि शिधा पिशवीत भरला आणि पुढच्या घरी गेले.

संध्याकाळी मी पाणी बदलायला गेले तर फळीवर वाटी नाही. ती घासून-पुसून भांड्यांच्या मांडणीत पालथी घातलेली.

“आई, वाटीतलं नाणं कुठेय?”

“तांब्याचं होतं ते? कलशात घातलं ना.” सासूबाई शिऱ्याचे द्रोण भरत होत्या. “माझा भोकाचा पैसा हरवल्यापासून दर वर्षी ते स्टीलचं नाणं घालावं लागतं. कलशात कसं तांब्याचंच हवं. म्हटलं, सुनेने लक्षात ठेवून आणलं, पाण्यात घालून शुद्ध करून देवाजवळ ठेवलं. बरं वाटलं मला.”

“आणि आता?”

“आता काय? गुरुजींबरोबर गेलं. कलशातलं नाणं परत ठेवून घेतात का कधी?”

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. विचारायला काय झालं होतं, दुसऱ्याची वस्तू, हजार वर्षं टिकलेली, तुमच्या घरात चार दिवस टिकली नाही, असं बरंच. सासूबाईंच्या हातातला द्रोण तसाच राहिला. त्या हळूच म्हणाल्या, “अगं, पण देवघरात ठेवलेली वस्तू देवाची नाही तर कुणाची?” त्यावर मी आणखी आवाज चढवला. नंतर मला त्याची फार लाज वाटली.

गुरुजींचा फोन बंद. शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या घरी, तुळिंजला गेले. गुरुजी पहाटेच बाहेर पडलेले. त्यांच्या पत्नीने सांगितलं की पूजेची पिशवी त्यांच्याबरोबरच असते, आणि सुट्टी नाणी ते वाटेत कुणाकुणाला देऊन नोटा करून घेतात. स्टीलच्या नाण्यांबरोबर येशूचं नाणं एखाद्या रिक्षावाल्याकडे किंवा फुलवाल्याकडे गेलं असेल, त्याने ते खोटं म्हणून गटारात भिरकावलं असेल, असं सगळं मला दिसायला लागलं.

आणि त्याच दुपारी अंकलचा फोन आला. मी उचलला नाही. काय सांगणार होते? शनिवारी सकाळी पुन्हा आला, दुपारी पुन्हा. स्क्रीनवर ‘अंकल गिरीज’ अशी अक्षरं उमटायची आणि मी फोन पालथा घालायचे. माणूस फोनवर फोन करतोय म्हणजे त्याला नाणं परत हवंय, आणि नाणं तर माझ्याकडे नाही. बायकोची एवढी एकच वस्तू त्या माणसाने तीन वर्षांच्या ओळखीवर माझ्या हातात दिली, आणि मी ती चार दिवसांत घालवली. जेवण जात नव्हतं. नवऱ्यानेही चिल्लर हा शब्द उच्चारायचं बंद केलं, यावरून घरातलं वातावरण समजावं.

शनिवारी संध्याकाळी गुरुजींचा फोन लागला. मी एका दमात सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “ते जाड तांब्याचं ना? ते आहे की. उद्या सकाळी तुळिंजलाच पूजा आहे, पत्ता पाठवतो, तिथे या. नऊच्या आत या मात्र.”

नऊच्या आत कसली पोचते! तुळिंजच्या बाजारात रिक्षा अर्धा तास एकाच जागी उभी होती. शेवटी उतरून चालत गेले आणि अनोळखी लोकांच्या तिसऱ्या मजल्यावर घामाघूम होऊन पोचले, तर पूजा सुरू झालेली. चौरंगाशेजारी नवग्रहांच्या सुपाऱ्या मांडलेल्या, प्रत्येक सुपारीखाली विड्याचं पान आणि नाणं. आठ नाणी पांढरी, स्टीलची. मधल्या, सूर्याच्या सुपारीखालचं तेवढं तांबूस-हिरवं. मी दारातूनच ओळखलं. प्रभावळीचा अर्धा भाग सुपारीबाहेर डोकावत होता.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दारात कळलं. मी चपला काढता काढता भिंतीला टेकले. घरच्या बाईंना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी आणून दिलं, हळदीकुंकू लावलं आणि विचारलं, “तुम्ही आमच्या जाऊबाईंकडच्या का?” मी मान हलवली. दुसरं काय करणार?

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, नाण्याकडे बघितलं आणि दोन श्लोकांच्या मधल्या श्वासात म्हणाले, “स्थापना झाली. आता उत्तरपूजेपर्यंत हलवता येणार नाही.” मग मी बसले. पोथीचे सगळे अध्याय ऐकले. आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक मी सत्यनारायण ऐकलेला नाही. आरतीच्या वेळी कुणाचा पाय तिकडे गेला की मी दचकायचे. कुणीतरी सूर्यावर पंचामृताची पळी सोडली तेव्हा माझ्या तोंडून “अहो, हळू!” निघून गेलं. बायकांना माझी श्रद्धा आवडलेली दिसली.

उत्तरपूजा झाल्यावर गुरुजींनी नाणं स्वतः धुवून, पुसून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, “सूर्याचा धातू तांबं. आजकाल असं नाणं मिळतं कुठे? म्हणून बाकीच्यांत मिसळलं नाही, वेगळं ठेवलं होतं. तीन दिवसांत अकरा पूजांना बसलं हे.” मग त्यांनी विचारलं, “यावर चित्र कुणाचं आहे?” मी सांगितलं. ते म्हणाले, “बसले ते बरोबर जागी बसले.” आणि पिशवी उचलून पुढच्या पूजेला गेले.

मी तशीच, कपाळावर हळदीकुंकू घेऊन, रिक्षा करून गिरीजला निघाले. वाटेत पर्समध्ये हात घालून नाणं तीनदा चाचपलं. येशूचा चेहरा जसाच्या तसा होता, फक्त ग्रंथाच्या कडेला थोडी हळद अडकलेली. अंकलना सगळं खरं सांगायचं, ते रागावले तर ऐकून घ्यायचं, आणि नाणं ठेवून यायचं, असं मी ठरवलं होतं.

अंकल ओटीवर बसले होते. त्यांच्याभोवती घरातले सगळे खण काढून ठेवलेले. जुनी बिलं, फिटरचे पाने, स्क्रू, औषधांच्या पट्ट्या, बायकोच्या जपमाळा. बाजूला केळीच्या बुंध्याशी माती उकरलेली. मला बघून ते उठले आणि माझा हात धरला.

“बाय, फोन का नाय घेतलास? किती फोन केले.” मग वाडीकडे एकदा बघून आवाज एकदम खाली आणला. “माझं नाणं हरवलं. फोटोपुढे होतं, आता नाय. सगळं घर शोधलं. पोरीला सांगितलं नाय, ती म्हणेल बापाला आता काय लक्षात राहात नाय. म्हटलं तू येशील, तू शोधशील.”

मला आधी काही समजलंच नाही. दोन दिवस मी त्यांचा फोन चुकवत होते आणि दोन दिवस हा माणूस मला मदतीला बोलावत होता. मी पर्स उघडली आणि नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याने चेहऱ्यावरून फिरवलं. त्यांचे खांदे एकदम खाली आले आणि ते रडायला लागले. मीही रडले. मघाशी त्या दारात रडायचं राहून गेलं होतं.

“कुठे सापडलं तुला?”

“तुम्हीच मला दिलं होतं, अंकल. हिरवी पूड धुवायला. गेटपर्यंत आला होतात.”

त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं. मग मी कलशापासून सूर्यापर्यंत सगळी हकिगत सांगितली, काही लपवलं नाही. रागवायचं सोडून ते डोळे पुसत हसायला लागले. “अकरा पूजा!” म्हणाले. “तिला सांगायला पायजे.” आणि आत जाऊन फोटोपुढे उभे राहून खरंच सांगितलं.

संध्याकाळी त्यांची मुलगी आली तेव्हा त्यांच्यासमोरच मी तिला सगळं सांगितलं. वडिलांच्या विसरण्याचा तिला अंदाज होताच. पूड पुन्हा दिसत होती, नाणं अजून पाण्यात ठेवायला हवं होतं, म्हणून ते माझ्याकडेच राहावं असं तिघांनी मिळून ठरवलं. अल्तारावरच्या फोटोखाली अंकलनी स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत कागद लिहून लावला: ‘नाणं वसईच्या बायकडे आहे.’

घरी येऊन मी सासूबाईंची माफी मागितली आणि आठवड्याभरात त्यांना एक तांब्याचा भोकाचा पैसा आणून दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून विचारलं, “हा नक्की आपला ना? की आणखी कुणाचा?” आपला, म्हटलं.

नाण्याचा आजार आता थांबला आहे. तरी ते माझ्याकडेच आहे, कारण घरी ठेवलं तर अंकल ते आणखी कुणाच्या हाती देतील आणि विसरतील, अशी मुलीला भीती वाटते; लावलेला कागदसुद्धा ते वाचायचा विसरतात. दर रविवारी अंकल चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेहून परतले की मी गिरीजला जाते. कधी कधी ओटीवर खण काढलेले असतात. अंकल मला बघतात, आवाज खाली आणतात आणि सांगतात की बाय, माझं नाणं हरवलं. मी पर्स उघडते आणि ते त्यांच्या तळहातावर ठेवते. त्यांचा अंगठा चेहऱ्यावरून फिरतो आणि खांदे खाली येतात. माझा जीव एकदाच भांड्यात पडला, त्यांचा दर रविवारी पडतो, आणि दर रविवारी पहिल्यांदाच पडतो.