पॅसेजच्या भिंतीवरची ओळ

मंडळी, आमच्या फ्लॅटचा पॅसेज इतका अरुंद आहे, की दोघं समोरासमोर आले तर एकाला मागं सरावं लागतं. आज तो फिकट पिवळा रंगवून झाला. त्यावर मला चौथीतल्या माझ्या लाडक्या कवितेची पहिली ओळ हवी होती.

पेंटर बसवराज म्हणाला, "अज्जा, मराठी लिहायला येत नाही री. कन्नड अक्षरांत लिहू?"

माझं तोंडच उतरलं. मराठी कविता, आणि कन्नड अक्षरांत?

बायको आतून म्हणाली, "अहो, तुम्हाला तर ती पाठच आहे. मग लिहिताय कुणासाठी? अक्षताला तुमचं मराठी वाचता येतं का?"

खरं होतं. आमची नात दुसरीत, कन्नड शाळेत. मराठी बोलते, वाचत नाही. मग मी सांगत गेलो, बसवराज निळ्या रंगात लिहीत गेला.

शाळेतून आल्यावर अक्षता दारापासून एकेक अक्षर लावत चालू लागली. ओळ संपली तेव्हा ती स्वयंपाकघरापाशी होती.

"आजोबा, हे तर मराठी आहे," ती म्हणाली. "पुढची ओळ कुठाय?"

समोरची भिंत रिकामी आहे. बसवराजला उद्या परत बोलावलंय. तुमच्याकडची नातवंडं तुमच्या कविता कुठल्या अक्षरांत वाचतात?