डिपरचं बटण

आमच्या ऑर्केस्ट्रात मी निवेदक होतो. म्हणजे गाणं फसलं की ते मुद्दामच तसं बसवलंय हे लोकांना पटवून देणं, हे माझं काम. पांढरी बेलबॉटम आणि कानापर्यंत कॉलर घालून मी ते फार मन लावून करायचो.

गिटार वाजवायचा माझा मित्र, शहराच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरातला. दिवसभर वडिलांच्या शेजारच्या मागावर साड्या विणायचा, संध्याकाळी तालमीला यायचा. सिनेमाच्या गाण्यांत तेव्हा गिटारचा खरखरीत, गुरगुरता आवाज नवा आला होता. पठ्ठ्यानं मोडक्या रेडिओतले ट्रान्झिस्टर काढून तसा आवाज देणारी डबी बनवली. हात गिटारवर गुंतलेले, म्हणून ती चालूबंद करायला पायाखाली टेबललँपचं बटण बसवलं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद.

पहिल्याच कार्यक्रमात घोटाळा झाला. ठेका सुरू झाला आणि त्याचा पाय मागावर बसल्यासारखा चालू लागला. मागाच्या खड्ड्यात लहानपणापासून पावड्या, म्हणजे पायपट्ट्या, दाबलेला पाय तो, ताल मिळाल्यावर थांबतोय कुठला? गिटार एका मात्रेला वाघ, दुसरीला गरीब गाय. लोक हसून लोळले. मी माईकवरून सांगितलं, ही परदेशातली नवी तऱ्हा आहे. टाळ्याही मिळवल्या. तो मात्र मान खाली घालून उभा होता.

त्याच्या घरी जाऊन ही हकीकत मीच रंगवून सांगितली, पायांच्या अभिनयासकट. वडिलांची छाती सुताच्या धुळीनं भरली होती. मागावर बसणं तोवर सुटलं होतं, खाटेवर टेकून दिवस काढायचे. हसता हसता त्यांना असा खोकला लागला की मी पाय आवरते घेतले. दम परत आल्यावर म्हणाले, "माईकवाले, त्या पायाला हसू नका. त्यो पोटासाठी शिकलाय." मग मुलाकडे वळून, "गल्लीच्या गणपतीला वाजव. हितनं ऐकू येतंय मला. एकदा नीट वाजलेलं ऐकायचं हाय."

मग आम्हाला बटणांचं वेडच लागलं. बाजारात मिळतील तेवढी आणली, सगळी पायाला फितूर झाली. एकदा मंद्रूपला कार्यक्रमासाठी ट्रकमधून निघालो होतो. मी ड्रायव्हरशेजारी. अंधारून आलं तसं, समोरून गाडी आली की तो डाव्या पायानं खालचं एक बटण खाडकन दाबायचा आणि दिव्यांचा झोत खाली वळायचा. त्याला डिपर म्हणतात. मी वाकून ते बटण बोटानं दाबून पाहिलं तर हलेना. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, गाडी मी चालवतो, तुम्ही गाणी सांगा."

दुसऱ्याच दिवशी गॅरेजातून तसलं जुनं बटण आणून लाकडी पाटावर ठोकलं. अंगाचा भार टाकल्याशिवाय ते दबत नव्हतं. वडिलांनी पाट मांडीवर घेऊन दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला, बटण ढिम्म. जोर म्हणण्यासारखं त्यांच्यात आता काही उरलं नव्हतं, पण चेहरा असा खुलला की बघत राहावं. "हे पायाचं ऐकत न्हाय," म्हणाले. "हेच घ्या."

श्रावणात ते गेले.

गणपतीला हा वाजवणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. आला. पाट पायाशी ठेवला. गाण्यात त्या गुरगुरत्या आवाजाची जागा आली तेव्हा टाचेवर भार देऊन बटण दाबलं. आवाज उठला आणि शेवटपर्यंत अखंड राहिला, कुठे तुटला नाही. त्यांच्या घराचं दार उघडंच ठेवलं होतं.

मी स्टेजच्या कडेला होतो, म्हणून मला दिसलं. पाय थांबला नव्हता. तालावर तो त्या घट्ट बटणावर टेकत होता, सुटत होता, पुन्हा टेकत होता, आणि बटण त्याला दाद देत नव्हतं. अख्खी गल्ली गिटार ऐकत होती. तो साडी विणत होता.

गाणं संपलं, टाळ्या विरल्या, सगळे माझ्याकडे बघू लागले. माईक माझ्या हातात होता. मी त्याचं बटण बंद केलं.