बंद दाराची उपकारस्तुती

शत्रूसाठी प्रार्थना करा, ही आज्ञा मी कधी मोडलेली नाही. त्या पुरानंतर कित्येक आठवडे मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या शत्रूसाठी रोज प्रार्थना करत होते. बायबलातल्या जुन्या स्तोत्रांत शत्रूचे दात पाडण्याची विनंती अगदी मोकळेपणाने केलेली आहे. मी भाषा तेवढी सौम्य ठेवली.

चेन्नईच्या वेलचेरी भागात आम्ही तळमजल्यावर राहत होतो. ती जागा याच गृहस्थांनी मिळवून दिली होती आणि तिची आठवणही तेच करून देत. तिथल्या आम्हा मोजक्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थनासभा दर रविवारी आळीपाळीने एकेका घरी भरे. तिचे ते प्रमुख. सगळे त्यांना ब्रदर म्हणत. निवृत्त झाल्यावरही त्यांची चाल तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचीच राहिली होती, आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली की देवालाही मध्ये बोलायची सोय नसे.

डिसेंबरातल्या एका दुपारी पाणी उंबरठा ओलांडून घरात शिरलं आणि बघता बघता पलंगाला लागलं. पप्पांना दमा आहे. त्यांना धरून मी तिसऱ्या मजल्यावर गेले. ब्रदरनी आतलं दार उघडलं; बाहेरच्या जाळीच्या दाराचं कुलूप तसंच ठेवलं.

"बेटा, कालच फ्लोअरिंगला पॉलिश केलंय. एवढे ओले पाय..."

"दोघांचेच आहेत, ब्रदर."

"तेच ते. गच्चीच्या जिन्यात कोरडं आहे. आणि हे बघ, कुरकुर नको. सर्व गोष्टींत उपकार मानायचे असतात. गुरुजी, प्रार्थना करू या?"

पप्पा जन्मभर शाळेत शिकवत होते. कोणी प्रार्थना करू या म्हटलं की ते डोळे मिटतात. पँटमधून पाणी निथळत असताना त्यांनी ते मिटले. जाळीपलीकडून बरीच लांब प्रार्थना झाली, आमेन झालं, दार लागलं.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या तमिळ मामींनी "वांगो, वांगो" म्हणत आम्हाला आत घेतलं आणि पप्पांना कोरडी वेष्टी नेसायला दिली. तोवर पप्पांचा दमा उसळला होता. पुढे कित्येक रात्री पप्पा बसूनच झोपत.

हेही मी गिळलं असतं. पण ब्रदर सभांमधून सांगू लागले, की पुरात प्रभूने त्यांच्या घराचं जलप्रलयातलं तारू केलं, आसऱ्याला आलेल्यांना वाचवलं. "खालच्या गुरुजींना विचारा," असं म्हणून ते पप्पांकडे हात करत, आणि पप्पांची मान हलताना मी पाहिली.

"तुम्ही हो कशाला म्हणता?"

"हो कुठं म्हटलं? मी खोकत होतो."

मग ब्रदरच्या घरी उपकारस्तुतीची मोठी सभा ठरली. बाहेरच्या चर्चचे दोन पाळक येणार होते, आणि माझी साक्ष ठेवली होती: प्रभूने आम्हाला कसं वाचवलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. निघताना पप्पांनी बजावलं, "त्यांच्या घरात त्यांच्यावर आरोप करू नकोस. आणि खोटंही बोलू नकोस." या दोन्ही अटी साक्षीत बसत नव्हत्या. म्हणून माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, साक्षीऐवजी प्रार्थनाच करते. प्रार्थनेला कोण अडवणार?

आमच्यात प्रार्थनेच्या प्रत्येक वाक्याला मंडळी आमेन म्हणतात. डोळे मिटलेले असतात, अर्ध्यांचं लक्ष बिर्याणीच्या वासाकडे असतं, आमेन आपोआप निघतं. सगळ्यात मोठं ब्रदरचं.

"प्रभू, या घराच्या चकचकीत जमिनीसाठी तुझे उपकार मानते."

"आमेन."

"ती आमच्या ओल्या पायांपासून सुरक्षित राहिली, यासाठी."

"आमेन." ब्रदरचा आवाज खणखणीत होता.

"जाळीच्या कुलपासाठी, आणि त्या कुलपामागून आमच्यासाठी झालेल्या प्रार्थनेसाठी."

इथे मंडळी अडखळली. ब्रदर वेगात होते, त्यांचं आमेन निघून गेलं.

"आणि ज्यांनी आम्हाला आत घेतलं, त्या खालच्या मामींच्या घरासाठी."

कोणीच काही म्हणेना. मीही पुढे जाईना. शेवटी ब्रदरच्या पत्नी, ज्यांना सगळे ताई म्हणत, स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "आमेन."

प्रार्थनेत डोळे उघडू नयेत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी उघडले. ब्रदर समोरच्या पाळकांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि पाळक जाळीकडे.

जेवताना ब्रदर ताट घेऊन पप्पांजवळ आले. "गुरुजी, पॉलिश खरंच ओलं होतं हो."

"असेल," पप्पा म्हणाले. त्यांना खोकला आला नाही.

तारवाची गोष्ट त्यानंतर कुणी ऐकली नाही. जिना उतरताना पप्पांनी विचारलं, "त्यातलं मनापासून किती होतं?"

"सगळं."

ते खरं होतं. पाणी ओसरल्यापासून देवाचे उपकार मानायचा मी खूप प्रयत्न केला होता. ओठ हलत, आत काही हलत नसे. त्या संध्याकाळी मात्र ऊर भरून आला. कशामुळे, ते देवाला ठाऊक आहे. त्याने अजून विचारलेलं नाही, आणि मीही विषय काढलेला नाही.